ल्युपसमुळे धूसर दिसतंय, एचसीक्यू बंद करू का?

तुमच्या ताईला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे, तीन वर्षं एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू आहे, आता महिनाभर धूसर दिसतंय आणि घरचे म्हणतायत गोळीनेच डोळे गेले, बंद कर. प्लीज परस्पर बंद करू नका. मलाही ल्युपस आहे, हेच मीही खूप ऐकलंय. गोळी अचानक सोडली की आजार उसळू शकतो, मग किडनीपर्यंत जातं प्रकरण.

डोस बरोबर असेल तर पहिल्या 5 वर्षांत या गोळीने डोळ्याचा पडदा (रेटिना) खराब व्हायची शक्यता 1 टक्क्याहूनही कमी असते. पण डोस बरोबर आहे का ते नक्की बघा, वजनाच्या किलोमागे दिवसाला 5 मिग्रॅपेक्षा जास्त नको. म्हणजे ताई 45 किलोची असेल आणि रोज 400 ची गोळी घेत असेल तर ते जास्तच आहे, डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास असेल तर धोका अजून वाढतो.

"ल्युपसच्या डोळ्यांवर औषध काय" याला एकच उत्तर नाहीये, आधी कारण सापडायला हवं. माझ्या बाबतीत नुसता कोरडेपणा निघाला, तो तपासायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटं बसवतात, माझी जेमतेम टोकाला ओली झाली होती, आता प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब घालते आणि बरं आहे. स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर मोतीबिंदू किंवा काचबिंदू असू शकतो, म्हणून डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या. आणि ल्युपसनेच पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजल्या असतील तर थेंबांनी काही होत नाही, स्टिरॉइड, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) वगैरे रुमॅटॉलॉजिस्टच म्हणजे ल्युपसचे डॉक्टरच ठरवतात, गुठळ्या होत असतील तर रक्त पातळ करायचं औषध.

एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, डोळा हलवताना दुखलं किंवा लाल होऊन ठणकायला लागला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

नाहीतर याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा, चष्म्याच्या दुकानातला नंबर यासाठी चालत नाही कारण गोळीचं नुकसान सुरुवातीला नंबरात दिसतच नाही, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजर कुठे कमी पडते ते बघायची तपासणी) करायला सांगा. गोळ्यांच्या स्ट्रिपा, जुने रिपोर्ट सगळं न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, नंतर काही तास नीट दिसत नाही, तेव्हा तुम्ही सोबत जा आणि गाडी तिला चालवू देऊ नका.