मका-पऱ्हाटीवर चालणारी शेगडी कोंबड्यांच्या शेडला चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवापूरकडे ब्रॉयलरचं शेड आहे, थंडीतल्या बॅचला गॅस परवडत नाही, आणि अमेरिकेतल्या पाहुण्यांनी मका जाळून घर तापवणाऱ्या शेगडीचा व्हिडिओ पाठवला. ती इथे पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या), मका, शेंगांची टरफलं, हाताला लागेल त्यावर चालेल का? शेगडी चालेल. "हाताला लागेल त्यावर" मात्र चालणार नाही.

आधी मशीन समजून घ्या. वर टाकी, तळाशी स्क्रू. मोटर स्क्रूला काही सेकंद फिरवते, काही सेकंद थांबवते, आणि तेवढेच दाणे खालच्या लहान लोखंडी भांड्यात पडतात. भांड्याला भोकं असतात, पंख्यामुळे त्यांतून हवा येते. जाळ छोटाच दिसतो, पण चांगलाच तेज असतो. धूर चिमणीतून बाहेर जातो. दुसरा पंखा शेडमधली हवा गरम नळ्यांवरून फिरवून परत आत सोडतो. धूर आणि ही गरम हवा कुठेच एकत्र येत नाहीत, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. कोळशाच्या उघड्या शेगडीत कार्बन मोनॉक्साइड शेडमध्येच राहतो. त्याला वास नसतो, आणि पडदे लावलेल्या शेडमध्ये तो पिल्लांच्याच नाही, रात्री आत झोपणाऱ्या माणसाच्याही जिवावर बेततो. पहिल्या आठवड्यात 32-34 अंश राखायचे, मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश उतरवायचे, हे कामही दाण्यांचा वेग कमी-जास्त करून नीट जमतं.

"मल्टी-फ्युएल" (अनेक इंधनांवर चालणारी) शेगडी म्हणजे सगळं एकत्र कालवून टाकणं नव्हे. प्रत्येक इंधनाला दाण्यांचा वेग वेगळा, हवा वेगळी. मका लाकडी पेलेटपेक्षा (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांपेक्षा) सावकाश जळतो, म्हणून दाणे हळू सोडायचे आणि हवा वाढवायची. तो पटकन पेटतही नाही. सुरुवातीला थोडे लाकडी पेलेट टाकून जाळ धरला की मग मका सोडायचा. ओलावा 15 टक्क्यांच्या वर नको, 12-13 असेल तर उत्तम. दिवाळीच्या सुमारास खळ्यावर आलेला ओला मका थेट टाकला तर काही उष्णता पाणी उडवण्यातच जाते, काच काळी पडते आणि चिमणीत काजळी धरते.

खरी डोकेदुखी राखेची. मक्याच्या राखेत पोटॅश आणि फॉस्फरस भरपूर, त्यामुळे ती भांड्यातच वितळते आणि काचेसारखा कडक खडा तयार होतो. खड्याने भोकं बुजली की हवा बंद, जाळ मंद, धूर सुरू. म्हणून मक्यासाठीच्या शेगडीत भांड्यात फिरणारा दांडा असतो. तो नसेल तर ते मशीन घेऊच नका. अमेरिकेत काही जण मक्यात थोडा शिंपल्यांचा चुरा मिसळतात, त्याने खडा कमी धरतो. लेयरवाल्यांकडे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांकडे, तो खाद्यासाठी असतोच.

आता पैशाचं. मक्याची उष्णता किलोला साधारण 3,900 किलोकॅलरी, गॅसची 11,000 च्या आसपास. म्हणजे एक किलो गॅसला पावणेतीन-तीन किलो मका. 2025-26 चा हमीभाव 2,400 रुपये क्विंटल धरला तर सत्तर रुपयांच्या जवळपास. कागदावर परवडतं. तरी माझं मत स्पष्ट आहे: चांगला मका जाळू नका. तुमच्या पक्ष्यांच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो, आणि ज्या दिवशी मका महागेल त्या दिवशी खाद्य आणि इंधन दोन्हीचा फटका एकदम बसेल. अमेरिकेत 2005 च्या सुमारास मका स्वस्त होता तेव्हा या शेगड्यांची चलती होती. पुढे इथेनॉलमुळे भाव चढले आणि हौस ओसरली. दादर ज्वारी तर जाळायचा विचारही नको. बुरशी लागलेला, कोंबड्यांना घालता न येणारा मका मात्र वाळवून खुशाल जाळा, फक्त भरताना तोंडाला मास्क लावा. औषध लावलेलं रंगीत बियाणं कधीही टाकू नका, त्याचा धूर विषारी.

आपल्याकडे खरा माल पऱ्हाटीचा. गुलाबी बोंडअळीसाठी ती शेतातून वेळेत काढायचीच असते, आणि बहुतेक ठिकाणी ती बांधावर पेटवली जाते. पण अख्खी पऱ्हाटी किंवा नुसता भुगा स्क्रूत अडकतो. तिचे 6-8 मिलिमीटर जाडीचे पेलेटच हवेत. पऱ्हाटीची राख लाकडी पेलेटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून भांडं रोज झाडावं लागेल. टरफलांचंही तसंच, आधी पेलेट.

विजेचं विसरू नका. पेटवताना तीन-चारशे वॅट लागतात, तेही काही मिनिटं. नंतर शंभराच्या आसपास, म्हणजे साधा इन्व्हर्टर पुरतो. तो नसेल तर रात्री लाइट गेल्यावर पंखे थांबतात आणि भांड्यातला धूर उलटा आत येऊ शकतो. चिमणी सरळ उभी, छपराच्या वर काढा. टाकीचं झाकण नेहमी घट्ट ठेवा, नाहीतर आग स्क्रूमधून मागे सरकू शकते.

विक्रेत्याला सांगा, तुमच्याच पऱ्हाटीच्या पेलेटवर रात्रभर चालवून दाखव. सकाळी भांडं स्वतः उघडून पाहा, भोकं मोकळी असतील तरच व्यवहाराचं बोला.