वाचकांचे प्रश्न : सुटे वचन आणि संपूर्ण पत्र

प्रश्न : आमच्या मंडळीत तरुणांच्या शास्त्राभ्यासाची जबाबदारी माझ्याकडे आहे. नोकरी गेलेल्या एका तरुणाला कोणीतरी मोबाइलवर यिर्मया २९:११ हे वचन पाठवले होते. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत व ते आशा देणारे आहेत, असे त्यात म्हटले आहे. वर्ष उलटूनही काम मिळाले नाही, तेव्हा त्याने मला विचारले, “मग हे वचन माझ्यासाठी नव्हतेच का?” अशी सुटी वचने पाठवणे चुकीचे मानावे काय?

उत्तर : पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, त्याला दोष देण्याची घाई नको. परंतु त्या तरुणाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण हे वचन ज्या पत्रातले आहे ते पत्रच अशा प्रश्नाच्या तोंडावर लिहिले गेले.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या यखन्या राजाबरोबर यरुशलेमातील सरदार, कारागीर व लोहार यांना बाबेलास नेले. त्यांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमाहून पाठवलेले पत्र एकोणतिसाव्या अध्यायात आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या हा संदेष्टा मंदिरात, सर्वांच्या देखत, बाबेलच्या दास्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू काढून मोडतो आणि दोन वर्षांच्या आत सर्व बंदिवान परत येतील, असे परमेश्वराच्या नावाने सांगतो. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाचे पत्र मात्र सांगते की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. परत येणे होईल ते बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर. अकरावे वचन या सत्तर वर्षांना लागूनच येते. चाळिशी गाठलेल्या एखाद्या लोहाराला आपण स्वतः परतणार नाही, हे पत्र ऐकताच उमगले असेल. तरीही हिताच्या संकल्पांची ग्वाही त्यालाही होती, आणि ती एकट्याला नव्हे, तर वडीलजन, याजक, संदेष्टे व सर्व लोक यांना मिळून दिलेली होती.

म्हणून त्या तरुणाला “वचन तुझ्यासाठी नाही” असे सांगू नये. “थोडा धीर धर, नोकरी मिळेलच” असेही सांगू नये. ते हनन्याचे उत्तर झाले.

फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:१३ या वचनाचीही हीच गत झाली आहे. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर सर्व काही करू शकतो, हे पौलाचे उद्गार आज यशाचे घोषवाक्य म्हणून खेळाडूही मिरवतात. प्रत्यक्षात बंदिवासातला पौल तेथे तृप्त असणे आणि भुकेले राहणे ही दोन्ही आपण शिकलो आहोत, असे सांगतो, आणि पुढच्याच वचनात, माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगले केले, असे म्हणतो. एपफ्रदीताच्या हाती त्या मंडळीने त्याला मदत पाठवली होती. आपल्या तरुणापर्यंत वचन पोहोचले. मंडळीकडून आणखी काय पोहोचले, ते आपण लिहिलेले नाही.

सुटे वचन मुळातच वाईट, असे मात्र नाही. रानात येशूच्या मोहाच्या प्रसंगी सैतानाने स्तोत्र ९१ मधले वचन सांगितले, तसे येशूनेही वचनांनीच उत्तर दिले. पण येशूची तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतली आहेत, जेथे इस्राएल लोकांच्या रानातल्या चाळीस वर्षांच्या परीक्षेची आठवण करून दिली आहे. स्वतः रानात उपाशी असताना त्याने वचने घेतली ती त्याच प्रसंगाला लागू असलेल्या भागातून.

अभ्यासवर्गासाठी एक सूचना करतो. यिर्मयाचे २७ ते २९ हे अध्याय अध्याय व वचनांचे आकडे काढून टाकून छापून घ्या आणि एका बैठकीत मोठ्याने वाचा. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची असून तिचे श्रेय सामान्यतः स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला दिले जाते. नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. शोधायला ते सोयीचे आहेत, पण कधीकधी नको तेथे तोडतात. यशयातले दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत ५२:१३ पासूनच सुरू होते, आणि आपण मात्र त्रेपन्नावा अध्याय उघडून तीन वचने मागे ठेवतो.

प्रश्न : उपासनेत मोबाइलवरून शास्त्र वाचणे अनादराचे आहे का?

उत्तर : नाही. गुंडाळी, हस्तलिखित ग्रंथ, छापील पुस्तक अशी साधने बदलतच आली आहेत. पहिल्या मंडळ्यांतल्या बहुतेकांच्या हाती तर काहीच नसे. ते ऐकत असत, आणि पौलानेही कलस्सैच्या मंडळीला आपले पत्र वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करायला सांगितले होते. वाचन चालू असताना मध्येच येणारे निरोप मात्र बंद ठेवावेत, आणि अधूनमधून एकाने वाचावे व बाकीच्यांनी पुस्तक व मोबाइल दोन्ही मिटून ऐकावे.