नदीकाठी जायचं, पण बघायचं काय?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा भारतातून आलेत, दोघंही सत्तरीच्या आसपास, आणि आमची मुलगी नऊ वर्षांची. नवरा म्हणतोय वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्कला जाऊ, पण एका मैत्रिणीने सांगितलं की तिथे एक नदी आणि एक जुनं घर, बाकी काही नाही. दिवस फुकट जाईल का?

उत्तर: मैत्रीण चुकीचं काही सांगत नाहीये, नदी आणि घरच आहे, फक्त त्या नदीवर काय घडलं ते माहीत नसेल तर अर्ध्या तासात कंटाळा येणार आणि मग सगळे डबे उघडून बसणार. म्हणून गोष्ट गाडीतच सांगून टाका. १७७६ च्या २५ डिसेंबरची रात्र, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य ब्रिटिशांशी हरत हरत पेनसिल्व्हेनियात गेलेलं, आणि तिथून उलट फिरून हीच डेलावेअर नदी ओलांडायची, बर्फाच्या लाद्या वाहतायत, वरून गारा. साधारण २,४०० माणसं, १८ तोफा, घोडे. तोफा पार करायचं काम हेन्री नॉक्सकडे, जो आधी बॉस्टनमध्ये पुस्तकांचं दुकान चालवायचा (बाबांना हे आवडेल), आणि वल्ही मारायला मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावचे कोळी. मध्यरात्रीपर्यंत उरकायचं ठरलेलं, वाजले पहाटेचे तीन, तरी तसेच ट्रेंटनपर्यंत चालत गेले आणि सकाळी आठच्या सुमाराला हेसियन सैनिकांवर, म्हणजे ब्रिटिशांनी भाड्याने आणलेल्या जर्मन सैनिकांवर, हल्ला केला.

आता माझं ऐकाल तर म्युझियमपासून सुरुवात करू नका. गाडी न्यू जर्सीच्या बाजूला लावा, पुलाच्या कडेच्या फूटपाथवरून पलीकडे पेनसिल्व्हेनियात जा, तिथलं पार्क वेगळं आहे, तिथे सैन्याने वापरल्या तशा ड्युरहॅम होड्या बघा, आणि मग चालत परत या. परत येताना तुम्ही सैन्य ज्या दिशेने आलं त्याच दिशेने येता, आणि मध्यावर थांबून खाली बघितलं की पोरीला आपोआप कळतं की एवढंसं पात्र ओलांडायला रात्र का गेली. पूल १९०४ चा आहे आणि इतका अरुंद की समोरासमोर दोन गाड्या आल्या की आपणच श्वास रोखतो, तेव्हा गाडीने न जाता चालतच जा. त्या होड्या मुळात लोखंडाचा माल वाहायच्या, सपाट तळाच्या, उंच काठांच्या, माणसं बहुतेक उभीच राहिली असणार. वॉशिंग्टन होडीत उभा राहून नदी ओलांडतोय ते प्रसिद्ध चित्र आधी फोनवर दाखवून ठेवा आणि चुका शोधायला सांगा, होडी तशी नव्हतीच, आणि त्यातला ताऱ्यांचा झेंडा तर १७७७ मध्ये आला.

जुनं घर म्हणजे जॉन्सन फेरी हाऊस, फेरी चालवणाऱ्याचं. उघडं असतं की नाही ते निघायच्या आधी बघून घ्या.

आईंचे गुडघे दुखत असतील तर पार्कातल्या जुन्या डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलच्या काठचा रस्ता बेस्ट, नदीला समांतर आणि अगदी सपाट. कॅनॉल १८३० ते १८३४ मध्ये खणला, बराचसा आयरिश मजुरांनी हाताने, त्यातले कितीतरी कॉलऱ्याने गेले. १९३२ मध्ये कॅनॉलमधली होड्यांची वाहतूक बंद झाली, आता सायकलवाले असतात, म्हणून उजवीकडून चाला. वरच्या जंगलातल्या वाटा छान आहेत पण तिथे गोचीड फार, लाइम रोग त्यांच्यामुळेच होतो, तेव्हा पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर पोरीच्या केसांत, कानामागे, गुडघ्याच्या मागे नीट बघा, हे टाळू नका. तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू द्यायचा नाही, पॉयझन आयव्ही असू शकते, तिने अंगावर खाजरं पुरळ उठतं. नदी वरून शांत दिसली तरी ओढ आहे, पोहायला उतरू नका. आणि पार्कात कचऱ्याचे डबे शोधत बसू नका, आपला कचरा आपणच घरी न्यायचा असा नियम आहे, एक जास्तीची पिशवी ठेवा.

ख्रिसमसला तिथे ते ओलांडणं पुन्हा करून दाखवतात, होड्या पेनसिल्व्हेनियाच्या काठावरून सुटतात, पण पाणी किंवा वारा जास्त असला की होड्या सोडतच नाहीत, आणि थंडीही मरणाची, तेव्हा आई-बाबांना घेऊन ऑक्टोबरमध्येच जा.