मोबाईलची कटकट : फोल्डर आपोआप वर जायचा बंद झाला

प्रश्न : आमची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतजवळ आहे, मुलगा नाशकात गंगापूर रोडला असतो आणि एक्स्पोर्टचे कागद तोच बघतो. मी फवारणीच्या डायरीची पानं स्कॅन करून, औषधांची बिलं, लॅबचे रिपोर्ट सगळं फोनमधल्या एकाच फोल्डरमध्ये टाकायचो, क्लाउडचं ॲप तो फोल्डर आपोआप वर चढवायचं आणि मुलाला तिकडे दिसायचं. मध्ये एक अपडेट आलं तेव्हापासून ते फक्त फोटो-व्हिडिओ घेतं, पीडीएफ घेतच नाही. कळलं कधी, तर व्यापाऱ्याने रेसिड्यूचा (द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट मागितला आणि मुलगा म्हणाला इथे काहीच नाहीये. आता काय करायचं?
— एक बागायतदार

उत्तर : दादा, आधी एक करा, वैतागून ते ॲप काढून टाकू नका. गेली ती आपोआप चढवायची सोय, आधी चढलेल्या फाइली कुठे गेलेल्या नसतात. मुलाला सांगा कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून अकाउंट उघड आणि फोल्डर तारखेप्रमाणे लाव, शेवटची पीडीएफ कोणत्या तारखेची आहे ते लगेच दिसेल. त्यानंतरचं सगळं अजून फक्त तुमच्या फोनमध्ये आहे, म्हणजे फोन जर टाकीत पडला तर ऑक्टोबर छाटणीपासूनचा हिशोब त्याच्याबरोबर बुडाला. म्हणून आजच फाइल मॅनेजर उघडा, त्या तारखेनंतरच्या फाइली निवडा, शेअर दाबा आणि त्याच ॲपमध्ये हाताने टाका. घरच्या वायफायवर टाका, बागेत रेंज एक काडी असते आणि अर्ध्यात तुटलं की काय गेलं काय राहिलं तेच कळत नाही.

असं का होतं, तर अँड्रॉइड ११ पासून फोनमधल्या सगळ्या फाइली वाचायच्या तर ॲपला वेगळी परवानगी लागते, आणि ती कोणाला द्यायची हे प्ले स्टोअर ठरवतं. नेक्स्टक्लाउड नावाच्या ॲपची ती परवानगी अशीच गेली होती, फोटो-व्हिडिओ चढायचे बाकी फाइली नाही, २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी जाहीर बोंब मारली तेव्हा गूगलने परत दिली. बाकी कंपन्या काय करतात, अपडेटखाली ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहितात आणि तुमचं रोजचं काम काढून मोकळे होतात, मला तर ह्याचाच जास्त राग येतो.

आता कायमचा उपाय. फोल्डरसिंक किंवा ऑटोसिंक अशी ॲप मिळतात, त्यांचं काम एवढंच की फोनमधला हा फोल्डर तुमच्या क्लाउडमधल्या त्या फोल्डरला जोडायचा. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स सगळ्यांबरोबर फोल्डरसिंक चालतं. जोडताना ते विचारतं सिंक एका बाजूने का दोन्ही बाजूंनी, तिथे नीट बघून फक्त फोनवरून क्लाउडकडे असंच निवडा. दोन्ही बाजूंनी ठेवलं आणि फोन भरला म्हणून तुम्ही इकडून डायरी पुसली की तिकडूनही जाते. एकाच बाजूचं ठेवलं तरी ‘फोनमधून पुसलं तर तिकडेही पुसा’ अशी एक खूण सेटिंगमध्ये असू शकते, ती बंदच असू द्या. शाओमी, विवो, ओप्पोचा फोन असेल तर अजून एक, सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा आणि ऑटोस्टार्ट चालू करा, नाहीतर फोन त्याला मागच्या मागे झोपवतो आणि तुम्हाला वाटतं चाललंय.

लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येत असेल तर तो तुमच्या फोल्डरमध्ये नसतोच! तो अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या आतल्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये पडतो. एकतर तोही फोल्डर जोडा नाहीतर आला की लगेच तुमच्या फोल्डरमध्ये हलवा. मी हलवाच म्हणेन, कारण तो जोडला की लग्नाच्या पत्रिका आणि सोसायटीच्या नोटिसाही मुलाच्या एक्स्पोर्टच्या फाइलीत जाऊन बसतील.

आणि डायरीच्या पानांसाठी हे सगळं नकोच असेल तर गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन आहे. मुलाने त्याचा फोल्डर तुम्हाला शेअर करून ठेवायचा, तुम्ही तो उघडून तिथूनच पान स्कॅन करायचं, पीडीएफ थेट त्यातच जाते, मध्ये फोनचा फोल्डर येतच नाही. नाव देताना प्लॉट आणि फवारणीची तारीख घाला, पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस) मोजायला बसलं की ‘स्कॅन ४७’ कोणाच्या कामाचं नसतं.

प्रश्न : माझ्या ॲपमधलं पण एक बटण गेलं, मित्र म्हणतो जुन्या व्हर्जनची एपीके (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) टाक. टाकू का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : नको. नव्यावर जुनं बसतच नाही, आधीचं काढावं लागतं, आणि काढलं की त्यात ऑफलाइन ठेवलेल्या फाइली गेल्या. एवढं करून सोय कंपनीने सर्व्हरवरूनच बंद केलेली असेल तर बटण दिसेल पण काम करणार नाही. शिवाय कुठल्या तरी साइटवरच्या एपीकेला तुम्ही तुमच्या सगळ्या फाइलींची किल्ली देताय, ते वेगळंच.

प्रश्न : पूर्वी फोटो कितीही ठेवता यायचे, आता सारखं जागा भरली म्हणतं. मी तर फोटो काढणंच कमी केलंय.
— एक ताई, पंचवटी

उत्तर : ताई, गूगल फोटोजची ती फुकटची सोय १ जून २०२१ ला संपली. त्या आधी ‘हाय क्वालिटी’ सेटिंगवर चढवलेले फोटो मोजत नाहीत, नंतरचे सगळे फुकटच्या १५ जीबीत, आणि त्याच १५ जीबीत जीमेल, ड्राइव्हसुद्धा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच धरायला लागले, तुमची जागा बहुतेक तोच खातोय. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपला जा आणि ‘व्हिडिओसकट’ वरची खूण काढा. मग मॅनेज स्टोरेजमध्ये जाऊन सगळ्यात मोठ्या फाइली पुसा, पण कोणाच्या बारशाचा व्हिडिओ असेल तर आधी पेनड्राइव्हवर घ्या. फोटो काढत राहा.