७७ आणि ३५

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी श्टुटगार्टला निघालाय. कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यात एक तक्ता होता. साहेब आणि हाताखालचा यांच्यातलं अंतर : भारत ७७, जर्मनी ३५ (आकडा मोठा तितकं अंतर जास्त). तो म्हणतो, ‘आई, तिथली माणसं आता कळली.’ मला काही हे पटत नाही. अशा आकड्यांवर किती विसंबावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तक्ता टाकून देऊ नकोस, असंच मी त्याला सांगेन. चाकणच्या कारखान्यांत एकोणीस वर्षं मी जर्मन दुभाषी होते. सुरुवातीला आपले सुपरवायझर ‘शुक्रवारपर्यंत होऊन जाईल’ म्हणाले की मी जर्मनमध्ये ‘शुक्रवारी होईल’ असं सांगायची. शुक्रवारी पार्ट नसायचे आणि जर्मन साहेब फसवल्यासारखे बघायचे. आपल्या ‘होऊन जाईल’मध्ये साहेबाला तोंडावर ‘नाही’ न म्हणण्याचा मान असतो, हे मला असल्याच एका तक्त्याने दाखवलं. मग मी तिथल्या तिथे विचारायला लागले, ‘दादा, नक्की की बघू?’

पण हे आकडे आले कुठून, तेही त्याला माहीत हवं. डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून ही मांडणी केली. म्हणजे एकाच कंपनीतली नोकरदार माणसं. त्यांत शेतकरी नाही, कंत्राटी हेल्पर नाही. शिवाय हे गुण देशाचे, एकेका माणसाला लावायचे नाहीत, हे खुद्द हॉफस्टेडच बजावत असत. प्रशिक्षणात नेमकं तेवढंच गळतं.

त्याचे परिणाम मी पाहिलेत. एकदा एक लॉट रिजेक्ट झाला. तपासणीच्या टेबलावरचा पोरगा हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरून गप्प उभा. साहेब मला म्हणाले, ‘हेच ते तुमचं अंतर.’ मीही मान डोलावली. दुपारी कँटीनमध्ये तो पोरगा हळूच म्हणाला, ‘मॅडम, माप चुकतंय हे मला सकाळीच कळलं होतं. पण मी कंत्राटी. पुढच्या महिन्यात ब्रेक देतील.’ त्याच लाइनवरचे पर्मनंट ऑपरेटर काका मात्र साहेबांना सरळ सुनवायचे, ‘मशीनवर जॉब असा धरत नाहीत, साहेब.’ दोघंही एकाच तालुक्यातले. म्हणजे तो पोरगा गप्प बसला तो नोकरीच्या भीतीने, आणि आम्ही दोघांनी त्याला संस्कृतीचं नाव देऊन विषय मिटवला. ती मान डोलावल्याचं मला आजही वाईट वाटतं.

श्टुटगार्टकडच्या कारखान्यांतही एजन्सीमार्फत आलेले कामगार असतात. जर्मनी-तुर्कस्तान यांच्यातल्या १९६१च्या कामगार-भरती करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्यांची नातवंडं असतात. त्यांच्यातलं कुणी मीटिंगमध्ये गप्प बसलं, तर मुलाने तक्ता काढण्याआधी त्याच्याबरोबर कॉफी प्यावी आणि तो कुठल्या करारावर काम करतोय ते विचारावं.