वेबपेजवरच्या टेबलातल्या ओळी माझ्या जावास्क्रिप्टला सापडतच नाहीत, काय करू?

तुम्ही सिलेक्टरमध्ये (पेजवरची वस्तू शोधायच्या पत्त्यात) टेबल, मग ग्रेटर दॅनची खूण (म्हणजे ‘थेट आतलंच’) आणि टीआर (ओळीचा टॅग) दिलंय ना, म्हणून रिकामी यादी येतेय. ओळी आहेत हो, पण थेट टेबलाच्या पोटात नाहीत, तुम्ही टीबॉडी (ओळींभोवतीचा टॅग) लिहिलं नसलं तरी ब्राउझर एचटीएमएल वाचताना ते स्वतःच मधे घालतो, तर ती खूण काढा आणि नुसती स्पेस द्या, म्हणजे कितीही आतलं चालेल. त्याहून सोपं म्हणजे टेबल आयडीने पकडा, त्याचं रोज घ्या (दररोजवालं नाही, ओळीवालं) आणि त्यातलं सेल्स, मोजणी शून्यापासून, हेडिंग धरून. इथे बडोद्यात दांडियाबाजारच्या आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या टेबलात मी ५०१ चे ७०१ करायला गेलो आणि वरचं ‘रक्कम’च उडवून बसलो, शून्य नंबरची ओळ तीच की!

मजकूर बदलायला टेक्स्टकंटेंट वापरा (ते सगळं साधा मजकूर म्हणून टाकतं), इनरएचटीएमएल नको (ते टॅगही वाचतं), लोकांनी भरलेल्या नावात कुणी कोड घुसवला तर तोही चालून जाईल. ओळी डिलीट करायच्या असतील तर लूप शेवटून उलटा फिरवा, कारण रोज लाइव्ह असतं, म्हणजे ती यादी लगेच बदलते, एक उडवली की खालची वर सरकते आणि लूप तिला सोडून पुढे जातो, मग एकाआड एक ओळ तशीच बसलेली दिसते.