रिपोर्ट निगेटिव्ह येऊन दोन महिने झाले, तरी बहीण दमते म्हणून पडून असते. कोविडनंतर तिला हिंडतं-फिरतं कसं करावं?

आधी ‘पडून असते’ हे शब्द मागे घ्या. तिच्याने उठवत नाही. हेच शब्द माझ्या सख्ख्या भावाने माझ्याबद्दल वापरले होते, दाराबाहेर उभं राहून, मला ऐकू जातंय हे माहीत असताना. म्हणून तुमचा प्रश्न वाचून पुढे जाववेना.

मला कोविड झाला सप्टेंबर २०२० मध्ये, लस यायच्या आधी. पहिले तीन दिवस ताप, अंगदुखी, घसा. चौथ्या दिवशी आंघोळीचा साबण नाकाशी धरला तर वासच नाही. सातव्या दिवशी ताप उतरला आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आठव्या दिवशी सकाळी ऑक्सिमीटरवर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर, ९१ आलं. धाप अजिबात नव्हती, फोनवर मी नीट बोलत होते. दादा म्हणाला, “यंत्र बिघडलंय. ही बघ किती छान बोलतेय.” मी हात चोळून गरम केले, दुसरं बोट घातलं. पुन्हा ९१. खोलीतल्या खोलीत दोन मिनिटं चालले आणि आकडा ८७ वर आला.

वहिनीने त्याचं ऐकलं नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. आज हे लिहायला मी आहे ती तिच्यामुळे. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. कोविडमध्ये सुरुवातीला तो नीट बाहेर पडत राहतो, त्यामुळे ऑक्सिजन घसरला तरी माणसाला कळत नाही. आणि यंत्र चुकतं म्हणाल तर चुकतं, पण गडद त्वचेवर ते बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणजे आमच्या घरातला तो वाद कसाही धरला तरी दादाच्या विरुद्धच जात होता.

दवाखान्यात सहा दिवस ऑक्सिजन, दिवसातले कितीतरी तास पालथं झोपणं आणि रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. हेच औषध दादाने आजाराच्या दुसऱ्या दिवशीच मला द्यायचं ठरवलं होतं, फोनवर फिरत असलेली गोळ्यांची यादी बघून. मी घेतलं नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले होते: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट अपायाची शक्यता. दुसऱ्या दिवशी मी या तिसऱ्या गटात होते. यावर आम्ही अजूनही बोलत नाही.

तुमचा प्रश्न घरी आल्यानंतरचा आहे, तिकडे येते.

घरी आल्यावर रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि दादाच्या लेखी आजार तिथे संपला. तो रोज पहाटे धावणारा माणूस. अंग हलवलं की सगळं ताळ्यावर येतं हा त्याचा अनुभव, आणि तो त्याच्यापुरता खरा आहे. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला फिरायला नेलं. “थांबायचं नाही, मन घट्ट कर.” मी मन घट्ट केलं आणि चार किलोमीटर भराभर चालून आले. त्या दिवशी काही झालं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना अभिमानाने सांगत होता आणि मलाही आनंद झाला होता, तो मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पायांतलं बळ गेलं. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर धरवेना. नुसतं उभं राहिलं की नाडी १३० वर जायची, समोरचा माणूस काय बोलतोय ते वाक्याच्या मध्यावर हातातून निसटायचं. अंथरुणातून पुन्हा स्नानगृहापर्यंत एकटीने जायला मला अकरा दिवस लागले. दादा दारात उभा राहून म्हणाला, “चांगली चालत होतीस. आता पडून राहायची सवय लागली तुला.”

या प्रकाराला पोस्ट एक्झर्शनल मॅलेझ म्हणतात. श्रम आज केले तर त्याची किंमत बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी वसूल होते. म्हणूनच बघणाऱ्याला वाटतं की चालण्याचा आणि आजारी पडण्याचा काही संबंध नाही. तुमची बहीण एखाद्या दिवशी बरी दिसते आणि तुम्ही म्हणता, काल तर जमलं होतं. काल जमलं म्हणूनच आज जमत नाहीये.

मग मी वही घातली. वरच्या मजल्याच्या अठरा पायऱ्या. पहिल्या दिवशी पाच चढले आणि बसले. किती पायऱ्या, किती वेळ बसले, नाडी किती, आणि मुख्य म्हणजे दोन दिवसांनंतर कसं वाटलं, एवढंच लिहायचे. दोन दिवस काही बिघडलं नाही तर एक पायरी वाढवायची. बिघडलं तर दोन कमी. अठरा पायऱ्या सलग चढायला फेब्रुवारी उजाडला. वासाचं तसंच. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगायचे, वीस-वीस सेकंद. मध्यंतरी वास परत आले ते चुकीचे, सगळ्यालाच जळल्याची घाण. तेव्हा फार रडले, पण तो बरं होण्याच्या वाटेवरचाच टप्पा असू शकतो. हा विषाणू नाकातल्या वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो आणि ती घडी पुन्हा बसायला महिने लागतात.

‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व संशोधिकेने स्वतःचा आजार सांगताना ते वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये: लागण होऊन साधारण तीन महिन्यांनीही लक्षणं असणं, ती किमान दोन महिने टिकणं आणि दुसरं कारण न सापडणं. मधलं दीड वर्ष माझ्यासारख्यांना घरच्यांची बोलणीच ऐकावी लागली.

आणि रिपोर्टचं सांगते. पीसीआर ही कोविडची चाचणी विषाणूचे तुकडे शोधते. माणूस संसर्गजन्य राहिलेला नसतानाही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. ती निगेटिव्ह आली म्हणजे फुप्फुसं, हृदय आणि नसा जागेवर आल्या असा अर्थ होत नाही. हे ती चाचणी बघतच नाही.

जानेवारी २०२२ मध्ये दादालाही कोविड झाला. आठव्या दिवशी तो धावायला गेला आणि येऊन मला म्हणाला, “बघितलंस?” दादा, तुझ्या अंगात लशीचे दोन डोस होते, तो ओमिक्रॉन या तुलनेने सौम्य विषाणूप्रकाराचा काळ होता आणि तुझा ऑक्सिजन एकदाही ९७ च्या खाली आला नाही. तुझं शरीर लवकर सावरलं याचा मला आनंदच आहे. माझं मन कच्चं होतं, हे त्यातून ठरत नाही.

तर बहिणीला हिंडतं-फिरतं करायला जाऊ नका. ती सांगेल तेवढंच, आणि त्यातही थोडं राखून. तिच्या वाट्याची कामं उचला, तिने न मागता. “काल तर चालली होतीस” हे वाक्य घरात कोणी उच्चारणार नाही एवढी जबाबदारी तुम्ही घ्या.

मी डॉक्टर नाही. सगळ्यांनाच श्रमानंतर असं होत नाही. ज्यांना होत नाही त्यांना हळूहळू वाढवलेला व्यायाम उपयोगी पडतो, त्यामुळे आधी तिचं कोणतं ते बघा. थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, स्टेरॉइडने वाढलेली साखरही असू शकते, त्या तपासण्या करून घ्या. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, एका पायाला सूज किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि तिने आकडा सांगितला की यंत्रावर संशय घेऊ नका.